पोरांची खोली आणि मुळशीचा पाऊस

पौडच्या पुढे कोळवण खोऱ्यात घर बांधलं, तेव्हा मुलीच्या खोलीत प्लायवूड येणार नाही हे ठरलेलंच होतं. स्वस्त प्लाय आणि एमडीएफ ज्या डिंकाने चिकटवतात त्यातून फॉर्मल्डिहाइड वर्षानुवर्षं सुटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली हा वायू कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला. त्यामुळे बांबूची खाट, काथ्याची गादी, भिंतीला मातीचा गिलावा, खाली सारवलेली जमीन असा सगळा थाट झाला. दिवाळीला पाहुण्यांनी फोटो काढले. मग जून उजाडला.

आमच्याकडचा पाऊस पुण्यातल्या कोथरूड-बाणेरच्या लोकांना सांगून कळत नाही. जुलै २०२४ मध्ये इथून पुढच्या ताम्हिणी घाटात चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पडला. साताऱ्याकडच्या माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागात एरवी वर्षभरातही एवढा होत नाही. खोऱ्यात ताम्हिणीएवढा पडत नाही, पण आषाढात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही आणि दोरीवरचे कपडे वास मारेपर्यंत ओलेच राहतात. म्हणून खोलीत आणायच्या प्रत्येक वस्तूला पहिला प्रश्न हाच विचारावा: आषाढात हिचं काय होणार?

खाटेचं काय झालं ते सांगते. पायांशी पिठासारखी पिवळट पूड साचायला लागली. झाडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. जवळून पाहिलं तर बांबूला टाचणीने टोचल्यासारखी भोकं. गावातल्या बुरूडमामांनी खाट उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "ताई, ह्यो बांबू पावसात तोडलाय. भुंगा लागणारच." बांबूतल्या पिठुळ साखरेवर हा किडा जगतो. पावसाळ्यात कोंब वाढत असतात, तेव्हा बांबूत ती भरपूर असते. म्हणून आपल्याकडची जुनी माणसं पावसाळा सरल्यावर, थंडीत, तीन-चार वर्षांचा जून बांबूच तोडायची आणि काही आठवडे वाहत्या ओढ्यात बुडवून ठेवायची. अवसेला तोडावा असंही मामा सांगतात. त्यातलं खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक, पण पाण्यात ती साखर धुऊन जाते हे खरं.

ज्या दुकानदाराने ती खाट आमच्या गळ्यात मारली, तो म्हणाला होता, "ट्रीटमेंट केलेली आहे." कसली, हे विचारायला हवं. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबू टिकतो, ही पद्धत चांगलीच आहे. पण हे क्षार पाण्यात विरघळतात आणि पोटात जाणं बरं नव्हे. दात येत असलेलं मूल खाटेचा कठडा चघळतं. तेव्हा मुलाच्या तोंडाशी येणारा भाग साध्या सागवानाचा ठेवा. बाकी बांबूची टोकं बंद करून वरून चांगलं पॉलिश घ्या, आणि तो ओल धरणार नाही असं पाहा.

पॉलिशवरूनही एक सावधगिरी. कोकणातून आलेला सुतार लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलाचं तेल सुचवेल. वाशांना, तुळयांना ठीक आहे, पण मुलांच्या सामानाला ते नको. हे तेल बिब्ब्याच्याच जातकुळीतलं, कातडीवर फोड उठवणारं. त्यापेक्षा जवसाचं तेल बरं. फक्त ते लावलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवा किंवा अंगणात पसरून वाळवा.

रंगाच्या बाबतीत तर 'नैसर्गिक' या शब्दावर अजिबात विसंबू नये. गेरू म्हणजे लोखंडाची माती, ती चालते. पण शेंदूर शिशाचा आणि हरताळ आर्सेनिकची. दोन्ही देवघराजवळच्या, म्हणून सोज्वळ वाटणाऱ्या वस्तू. भिंतीवर चित्रं काढायची हौस असेल तर गेरू आणि चुन्यावर भागवा. डब्यातला रंग घेणारच असाल तर शिशाचं प्रमाण पाहून घ्या. २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगात ९० पीपीएमच्या वर शिसं चालत नाही.

मातीच्या भिंतीवर प्लॅस्टिकचा रंग मात्र कधीच देऊ नका. आत गेलेली ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही, फुगे येतात आणि पोपडे पडतात. चुन्याची सफेदी सर्वांत बरी. भिंत श्वास घेते आणि चुना क्षारयुक्त असल्याने बुरशी सहज धरत नाही. ओला चुना मात्र मुलांपासून लांब ठेवा. डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते.

आमच्या घरात सर्वांत जास्त त्रास झाला तो गादीचा. काथ्याची गादी सलग फळीवर टाकलेली, खालून हवा नाही. आषाढ संपता संपता ती उचलली तर खालच्या अंगाला राखाडी बुरशीचा नकाशा. मुलीचा खोकला त्याआधीच सुरू झाला होता. बुरशी आणि धुळीतले बारीक कोळी, दोघांनाही दमट हवा लागते आणि दोघंही मुलांचा दमा चाळवतात. आता खाटेच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी आहेत आणि भिंतीपासून खाट वीतभर लांब. पावसाळ्यात जाड गादी बाहेर काढून गोधड्यांची चळत घालते. गोधडीचं बरं असतं. कढत पाण्यात काढता येते, पातळ असल्याने पंख्याखालीही वाळते. वर्षातून एकदा गादीला ऊन दाखवलं की झालं, हे देशावरचं गणित इथे चालत नाही.

तान्हं बाळ असेल तर आणखी एक. आजी मोठ्या मायेने राळ्याची किंवा मोहरीची उशी शिवून आणतात. ती जपून ठेवा, पण वर्षाच्या आत बाळाच्या डोक्याखाली उशी नको आणि अंगाखालची गादी मऊ लुसलुशीत नको. बाळ तोंड वळवतं आणि श्वास अडकतो. घोंगडीला कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकायच्या तर त्या बाळाच्या कपड्यांत नकोत. काही मुलांच्या रक्तपेशी त्याने फुटतात. त्याऐवजी कापूर ठेवावा असं सांगणारे भेटतील. पण मुलाने तो खाल्ला तर झटके येतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि मधूनमधून घोंगडी झटका.

सारवलेल्या जमिनीवर मुलांना झोपवू नका, हे मी सगळ्यांना सांगते. माती-दगडाच्या घरात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. विंचूही असतातच. विंचवाच्या विषावर आयुष्यभर काम करणारे डॉ. हिंमतराव बावसकर ताम्हिणी उतरून पलीकडे महाडचे, हा काही योगायोग नाही. हा सगळा पट्टाच तसा आहे. मण्यार रात्री फिरते आणि तिचा चावा कित्येकदा जाणवतही नाही. खाट उंच ठेवा, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा, चादर जमिनीला टेकू देऊ नका. आणि पावसाळ्यात मूल पहाटे पोट दुखतंय म्हणून उठलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं, तर दातांच्या खुणा शोधत बसू नका. सर्पदंशावरची लस मिळेल अशा रुग्णालयाकडे गाडी काढा. ती कुठे मिळते हे मे महिन्यातच विचारून ठेवा.