इंजिन आणि मोटर एकत्र कशी चालतात?

प्रश्न : प्लग-इन हायब्रिड गाडीत इंजिन आणि मोटरची ताकद एकत्र कशी येते? खेड्यात अशी गाडी परवडेल का?
– एक वाचक, कुंभार पिंपळगाव (जि. जालना)

उत्तर : बॅटरी भरलेली असताना गाडी बहुधा मोटरवरच धावते. ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की कंट्रोलर इंजिन सुरू करतो. बऱ्याच गाड्यांत क्लच जोडला जातो आणि दोघांचा जोर गिअरबॉक्समधून चाकांना मिळतो. मोटर जागेवरूनच भरपूर ओढ देते. इंजिन हायवेच्या स्थिर वेगात किफायतशीर ठरते. ब्रेक दाबताच मोटर जनित्र बनून बॅटरीत वीज परत भरते. बॅटरी उतरली, तरी गाडी पेट्रोलवर साध्या हायब्रिडसारखी चालते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. जुन्या मोटारीला मोटर आणि बॅटरी जोडणारा ‘रेव्होलो’ हा प्लग-इन संच पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने २०१० मध्येच मांडला होता.

परवडण्याचे म्हणाल, तर प्लग-इन गाडीचा खरा फायदा रोजच्या चार्जिंगचा. ते जमले नाही, तर जड बॅटरी वाहण्यातच पेट्रोल जाईल. म्हणून आधी वीजपुरवठ्याची खात्री करा, जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मगच गाडी बुक करा.