औषधांचेही एक पासबुक असावे

म्हैसूरला फार पूर्वीपासून निवृत्तांचे नंदनवन म्हटले जाते. सौम्य हवामान, रुंद रस्ते, सकाळच्या फेरफटक्यासाठी कुक्करहळ्ळी तलावाचा काठ आणि बेंगळुरूच्या मानाने संथ जीवन यांमुळे नोकरीतून मोकळे झालेले अनेक जण येथे स्थायिक झाले. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. मुले बेंगळुरूत, पुण्यात किंवा परदेशात आणि घरी दोघेच, पुढे कधीतरी एकटेच, हे चित्र सरस्वतीपुरम, कुवेंपुनगर यांसारख्या वसाहतींत आता नवे राहिलेले नाही. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी ही मंडळी बँकेत येतात, तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत पासबुकाशेजारी औषधांच्या पट्ट्याही असतात.

अशाच एका नोव्हेंबरात एका निवृत्त शिक्षिकेला रांगेत उभ्या असतानाच घेरी आली. घरचा दूरध्वनी क्रमांक शोधण्यासाठी त्यांच्या संमतीने पिशवी उघडली, तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या निघाल्या. नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या; परंतु दोन्हींवर बारीक अक्षरांत मूळ औषधाचे नाव एकच होते : अम्लोडिपिन. एक गोळी नेहमीच्या डॉक्टरांची, दुसरी रुग्णालयातून घरी सोडताना लिहून दिलेली. बाई दोन्ही नेमाने घेत होत्या. सावरल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मी एकही गोळी विसरत नाही!" आणि ते खरेच होते. स्मरणशक्तीने दगा दिला नव्हता. हिशेब कोणी जुळवला नव्हता.

विसर नेमका कोणाला पडतो?

दीर्घकालीन आजारांवरील औषधे विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नमूद केले. हा दोष केवळ वार्धक्याचा मानणे मात्र योग्य नव्हे. डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णांचा अभ्यास करून १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सर्वांत कमी चुका वृद्धांच्या निघाल्या, तर सर्वाधिक चुका कामाच्या धबडग्यात असलेल्या मध्यमवयीनांच्या! ज्यांचा दिनक्रम ठरलेला, त्यांचे औषधही ठरलेल्या वेळी पोटात जाते.

मानसशास्त्र याचे कारण सांगते. 'आठ वाजता गोळी घ्यायची' हे लक्षात ठेवण्यासाठी मनाला सतत घड्याळाकडे पाहावे लागते. 'देवापुढे दिवा लावला की गोळी घ्यायची' असे ठरवले, तर दिवाच आठवण करून देतो. वय वाढले तरी ही दुसऱ्या प्रकारची स्मृती पुष्कळ अंशी टिकून राहते.

स्थायी सूचना

विम्याचा हप्ता दरवेळी लक्षात ठेवावा लागू नये म्हणून आपण बँकेला एकदाच स्थायी सूचना देतो. औषधांचेही तसेच करावे. प्रत्येक गोळी रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या कृतीला बांधून टाकावी. मात्र जोड विचारपूर्वक निवडावी. म्हैसूरच्या घराघरांत सकाळची सुरुवात फिल्टर कॉफीने होते. तथापि थायरॉईडची गोळी कॉफीबरोबर घेतल्यास तिचे शोषण कमी होते. ती उपाशीपोटी, कॉफीच्या किमान अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते. म्हणून ती कॉफीच्या कपाला न बांधता दारातील दुधाची पिशवी आत घेण्याच्या कृतीला बांधावी. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास तरी दूर ठेवावी. मधुमेहाच्या काही गोळ्या जेवणाशी निगडित असतात. जेवण टाळून तशी गोळी घेतली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांची विशेष काळजी घ्यावी. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. तिचा वार मोठ्या अक्षरांत पट्टीवरच लिहावा.

सात दिवसांच्या कप्प्यांची डबी उपयुक्त ठरते. रविवारी ती भरली, की कोणता कप्पा रिकामा झाला हे पाहून 'घेतली की नाही' हा संशय मिटतो. तथापि हृदयविकारात जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांसारखी काही औषधे मूळ वेष्टनातच ठेवावी लागतात. याबाबत औषधविक्रेत्याला विचारावे. गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. चुकल्यास काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

नोंद आणि ताळमेळ

आता पासबुकाविषयी. एका साध्या वहीत सहा रकाने आखावेत : पट्टीवरील नाव, त्याखालचे मूळ औषधाचे नाव व मात्रा, कशासाठी, केव्हा, कोणी व कधी सुरू केले, आणि कधी बंद केले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. बंद झालेले औषध घरात राहणे म्हणजे बंद खात्याचे धनादेश पुस्तक जवळ बाळगणे होय. डॉक्टर बदलले किंवा रुग्णालयातून घरी आले, की वही आणि सर्व पट्ट्या डॉक्टरांपुढे ठेवून ताळमेळ घालून घ्यावा. स्वतःच्या मनाने कोणतेही औषध बंद करू नये.

वही आपल्याला वाचता येईल अशा लिपीत असावी. उतारवयात मुलांकडे म्हैसूरला आलेल्या आजींना कानडी थोडेफार समजते. 'ऊटद नंतर' म्हणजे जेवणानंतर, हेही कळते. परंतु पाकिटावर कानडीत लिहिलेले तेच शब्द त्यांना वाचता येत नाहीत. अशा वेळी दुकानातून निघण्यापूर्वीच त्यांचे मराठी करून घ्यावे. औषधाविषयी समजावून सांगणे हे औषधविक्रेत्याचे कर्तव्यच आहे. भारतातील २०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांत तशी तरतूद आहे. रुग्णालयात डॉक्टरांच्या जोडीने औषधतज्ज्ञाने रुग्णाच्या औषधांकडे लक्ष द्यावे, या विचाराला भारतात आकार देणाऱ्या आरंभीच्या संस्थांत म्हैसूरच्या जे.एस.एस. औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाचा समावेश होतो.

घरच्यांची भूमिका

दूर असलेल्या मुलांनी रोज "औषध घेतलंत का?" असे विचारले, तर उत्तर बहुधा "हो" असेच येते. त्याऐवजी रविवारी डबी भरताना दूरचित्रसंवादावर सोबत बसावे. गोळी टाळण्यामागे विसर नसून चक्कर, पित्त किंवा खर्चाची काळजीही असू शकते. ती प्रश्नांच्या सरबत्तीने नव्हे, गप्पांच्या ओघात बाहेर येते. मात्र वर्षानुवर्षे चोख असलेल्या व्यक्तीचा हिशेब अचानक चुकू लागला, तर 'वय झाले' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. स्मृतिभ्रंशाची पहिली खूण कधी कधी अशीच दिसते.

त्या शिक्षिका पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा आल्या. हयातीच्या दाखल्यासाठी पासबुक पुढे करताना त्यांनी पिशवीतून एक शंभर पानी वहीही काढली. रकाने पट्टीने आखलेले, अक्षर वळणदार. अम्लोडिपिनच्या एका ओळीसमोर तांबड्या शाईने लिहिले होते : खाते बंद.