भाचीबाईचा पहिला एअरब्रश

भाचीबाई, १/७२ च्या विमानांवर ब्रशचे ओरखडे बघून वैतागलीस ना? वैतागणारच. दुकानात जाण्याआधी एवढं वाच. ऐकायचं की नाही ते तू ठरवशीलच, तुझ्या आईवर गेली आहेस.

१. डबल ॲक्शनच घे, ट्रिगर दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग – सिंगल ॲक्शनमध्ये रंग किती सुटणार हे आधी ठरवून ठेवावं लागतं, चालू रेघ बारीक-जाड करता येत नाही.

२. रंगाचा कप वरच्या बाजूला असू दे – रंग आपल्या वजनानेच उतरतो, कमी दाबावर काम होतं आणि चार थेंबांत एक सैनिक रंगून जातो.

३. नोझल ०.३ ते ०.४ मिमीचं, ०.२ च्या मोहात पडू नकोस – बारीक तोंडात प्रायमर आणि मेटॅलिक रंग अडकून बसतात. इवाटाचा एचपी-सीएस ०.३५ चा आहे, त्यावर १/४८ च्या मिगचं पोटही रंगतं आणि २८ मिमीच्या मिनिएचरच्या अंगरख्यावर सावलीही पडते. बारीक नोझल, मोठा घोळ!

४. दुकानदाराला एकच विचार: "याची सुई आणि नोझल सुटं मिळतं का, आत्ता दाखवता का?" – या दोन गोष्टी आज ना उद्या बदलाव्या लागतातच. "मागवून देतो" म्हणाला, तर चहा पिऊन पुढच्या दुकानात जा. बिननावाच्या स्वस्त एअरब्रशनेही हात बसतो, पण त्याचं नोझल गेलं की दुसरं मापात बसेलच असं नाही.

५. सगळे पैसे एअरब्रशवर उधळू नकोस, निदान निम्मे हवेसाठी ठेव – टाकी नसलेल्या छोट्या कॉम्प्रेसरची हवा धडधडत येते आणि रेघही तशीच उमटते. टाकी, रेग्युलेटर आणि मॉइश्चर ट्रॅप हवेतच.

६. दाबाचा काटा ट्रिगर दाबून वाच – हवा वाहायला लागली की आकडा खाली येतो. मिनिएचरला १५ ते २० पीएसआय पुष्कळ झाले.

७. काम संपलं की टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी काढ, पावसाळ्यात तर न चुकता – हवा दाबली गेली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, आणि ते नेमकं शेवटच्या हातावर थुंकतं.

८. नळीचे आटे जुळतात का पाहा – १/८ इंची आटा सर्रास चालतो, पण बॅजर आणि पाशे यांचे आटे वेगळे असतात. ॲडॅप्टर मिळतो, फक्त रविवारी संध्याकाळी मिळत नाही.

९. जुना घेत असशील तर सुईचं टोक अंगठ्याच्या नखावरून हळूच फिरव – वाकलेलं टोक डोळ्याला दिसत नाही, नखाला अडकतं. मग कपात पाणी घालून नुसती हवा सोड; बुडबुडे आले तर नोझल चिरलंय किंवा नीट बसलेलं नाही.

१०. हवा आधी, रंग मधे, शेवटी पुन्हा हवाच – आधी हवा बंद केलीस तर टोकाशी उरलेला थेंब पुढच्या वेळी मॉडेलवर उडतो.

११. रंग दुधाइतका पातळ कर आणि पहिला फवारा कागदावर मार – पातळ रंग नि जादा हवा, मॉडेलवर कोळी नवा! रंग पाय फुटल्यासारखा चहूकडे पळतो. थिनर शक्यतो त्याच कंपनीचा वापर, काही ॲक्रिलिक रंग परक्या थिनरमध्ये दह्यासारखे फाटतात.

१२. रंग बदलताना कप धू, आणि उठताना सुई मागून ओढून पूस – कप चकचकीत दिसला तरी वाळका रंग नोझलच्या तोंडाशी दडलेला असतो. नोझल काढायचं तर सुई आधी मागे घे, नाहीतर टोक गेलंच. परत घालताना सुई अलगद सरकव. रेटलीस तर नोझलचं तोंड फाकतं. आटेवालं नोझल पान्याने आवळू नकोस, इवलीशी मान असते ती, तुटून आतच राहते. आणि अख्खा एअरब्रश थिनरमध्ये भिजत घालू नकोस, रबरी ओ-रिंगा फुगतात. सुई पुसायचा आळस, नोझलचा खर्च.

१३. जुने बारीक ब्रश टाकून देऊ नकोस – पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत अंगाचा रंग स्प्रे गनने झाला तरी डोळ्यांची आखणी हातानेच होते. तुझ्या सैनिकांचे डोळेही तसेच काढ.

१४. लॅकर फवारताना खिडकी उघडी, पंखा बाहेर हवा फेकणारा आणि ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला मास्क तोंडावर – साधा एन-९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. आणि वास स्वयंपाकघरात गेला की ताईचा फोन मलाच येतो.