शिडीच्या पायथ्याशी

वाचन : १ शमुवेल १४:४-१३

शब्बाथशाळेच्या शिक्षक बंधुभगिनींनो, या महिन्याचा पाठ वर्गात बसून पुरा होण्यासारखा नाही. मिखमाशच्या खिंडीत दोन सुळके होते, बोसेस व सेने. तेथून योनाथान हातापायांनी चढून गेला व त्याचा शस्त्रवाहक त्याच्यामागून चढला. 'हातापायांनी म्हणजे कसे?' असे मुले हमखास विचारतात. येळ्ळूरच्या मुलांना ते दाखवायचे कोठे? आपला येळ्ळूरगड, म्हणजेच राजहंसगड, वरपर्यंत गाडी जाणारा. चालण्याचा सराव तेथे होईल, कड्याचा होणार नाही. त्यासाठी तरुण संघाने दोनतीन दिवस काढून अकोले तालुक्यातील रतनगडाला जावे.

गड सुमारे १,३०० मीटर उंच आहे. सह्याद्री लाव्हारसाच्या थरांचा बनलेला. मऊ थर झिजून उतार झाले, कठीण थर कडे होऊन उभे राहिले. म्हणून रानातून निवांत चालत गेले की शेवटी एकदम भिंत समोर येते. पूर्वी अशा ठिकाणी कोरलेल्या पायऱ्या असत. १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी पुष्कळ गडांच्या वाटा सुरुंग लावून मोडल्या. रतनगडाच्या कड्यावर आज लोखंडी शिड्या आहेत. त्या चढून गणेश दरवाजा, मग हनुमान दरवाजा, पुढे माथ्यावर खडकाला पडलेले आरपार भोक, ज्याला नेढे म्हणतात, आणि तेथून त्र्यंबक दरवाजाच्या उंच पायऱ्यांनी साम्रद गावाकडे उतार. साम्रदहून रस्ता रतनवाडीस परत येतो व फेरी पुरी होते.

ही फेरी आहे, हेच शिक्षकाने नीट समजून घ्यावे. आल्या वाटेने परतायचे असेल तर दमलेल्या मुलाला कोठेही बसवून ठेवता येते, येताना घेता येते. येथे तसे नाही. नेढ्यापर्यंत गेलेल्या मुलाला पुढेही कठीण उतार व मागेही शिडी. म्हणून जायचे की नाही हे ठरवण्याची जागा एकच, शिडीचा पायथा.

युरोपात इटलीच्या डोंगरांत अशा लोखंडी वाटा आहेत. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी त्यांतील कित्येक बांधल्या गेल्या. तेथे चढणारा कमरेचा पट्टा तारेला अडकवून चढतो, हात सुटला तरी तार धरते. आपल्या शिडीवर तशी सोय नाही. हात हाच दोर. दोन हात व दोन पाय यांपैकी तीन सदैव पक्के टेकलेले असावेत, एका वेळी एकच हलवावा. एका शिडीवर एकच मूल. वरचा पुढे सरकल्याशिवाय खालच्याने पाऊल टाकू नये. शस्त्रवाहक किती अंतर ठेवून चढला ते शास्त्रात लिहिलेले नाही, आपण मात्र पुरी शिडी मोकळी ठेवावी. हातात काही नको, खाऊची पिशवी तर मुळीच नको, कारण येथील माकडे ती ओढतात. उतरताना तोंड खडकाकडे असावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर मुलांना नेऊच नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

आता अवघड भाग. पायथ्याशी एखादे मूल गप्प होईल, घाम पुसत राहील. त्याला 'चल, काही होत नाही' म्हणून वर ढकलणारे शिक्षक पुष्कळ. माझ्या मते ते धोक्याचे आहे. भ्यालेले मूल शिडीच्या मध्यावर गोठते, मग वरचे वर व खालचे खाली अडकून पडतात. निघण्यापूर्वीच एका मोठ्या माणसाने ठरवून घ्यावे की परत फिरणाऱ्यांबरोबर मी येईन. तो माणूस नेमलेला नसेल तर परत फिरणारे मूल सर्वांवर ओझे वाटते, आणि ते त्याला लगेच कळते. 'भित्रा' हा शब्द कोणी काढलाच तर त्याला शिक्षकाने आपल्याजवळ चालवावे.

गाडीवाल्याला दुपारपर्यंत रतनवाडीलाच थांबण्यास सांगावे. परत फिरलेली मंडळी सावकाश खाली येतील, अमृतेश्वराचे जुने कोरीव देऊळ पाहतील आणि गाडीने साम्रदला पोचतील. वरच्यांची मोजणी गणेश दरवाजात, नेढ्यात व त्र्यंबक दरवाजाखाली अशी तीनदा करावी आणि उजेड असतानाच खाली यावे. साम्रदला चहा सांगून ठेवण्याचे काम आधी पोचलेल्या मुलांकडे द्यावे.