मैदानावर अनेक, मार्गदर्शक मोजके



एखाद्या खेळात एका समाजाची मुले मोठ्या संख्येने चमकू लागली, म्हणजे त्या समाजाला तेथे न्याय मिळाला असे आपण सहज मानतो. परंतु खेळणे निराळे आणि संघाची सूत्रे हाती असणे निराळे. संघात कोणाला घ्यावे, डाव कसा आखावा, तरुणाला कसे घडवावे, हे ठरवणाऱ्यांत त्या समाजाचे कोणी आहे काय? ह्या प्रश्नाचा विचार आपण अमेरिकेतील एका उदाहरणावरून करू.

१. बंद दार

‘नॅशनल फुटबॉल लीग’ ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक स्पर्धा होय. हा आपल्याकडील फुटबॉल नव्हे. ह्यात लंबगोल चेंडू हाती धरून धावतात. तिच्यातील बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. १९२१ मध्ये फ्रिट्झ पोलार्ड हे तिच्यातील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाले. मात्र पोलार्ड ह्यांचा काळ सरल्यावर आर्ट शेल ह्यांच्या रूपाने पुन्हा तशी नेमणूक होण्यास १९८९ साल उजाडावे लागले.

टोनी डंजी ह्यांचेच पाहा. १९८४ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, पिट्सबर्ग संघाच्या बचावाची सर्व आखणी त्यांच्याकडे सोपवण्यात आली. तरीही मुख्य प्रशिक्षक होण्यासाठी त्यांना १९९६ पर्यंत थांबावे लागले.

२. दार उघडणारा नियम

जानेवारी २००२ मध्ये डंजी आणि डेनिस ग्रीन ह्या दोन कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकांना त्यांच्या संघांनी दूर केले. त्याच वर्षी सायरस मेहरी व जॉनी कॉक्रन ह्या वकिलांनी ह्या नेमणुकांतील पक्षपात दाखवणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातून २००३ पासून ‘रूनी नियम’ अमलात आला. पिट्सबर्ग संघाचे डॅन रूनी ह्यांचे नाव त्याला मिळाले. मुख्य प्रशिक्षक नेमण्यापूर्वी अल्पसंख्य समाजातील निदान एका उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे होते. नेमणुकीची सक्ती त्यात नव्हती. तो न पाळल्याबद्दल डेट्रॉइट संघाच्या प्रमुखांना त्याच वर्षी दोन लाख डॉलर दंड झाला. २००६ च्या हंगामात ३२ संघांपैकी सात संघांचे मुख्य प्रशिक्षक कृष्णवर्णीय होते.

३. माणूस घडवणारा माणूस

परंतु मुलाखतीला बोलावले म्हणून कोणी एका दिवसात प्रशिक्षक होत नाही. डंजी ह्यांना चक नोल ह्या गोऱ्या प्रशिक्षकाने १९८१ मध्ये साहाय्यक म्हणून घेतले; पुढे ग्रीन ह्यांच्या हाताखाली ते तयार झाले. स्वतः प्रमुख झाल्यावर डंजी ह्यांनी लव्ही स्मिथ व माइक टॉमलिन ह्यांना साहाय्यक नेमले. ४ फेब्रुवारी २००७ रोजी ‘सुपर बोल’ ह्या अंतिम सामन्यात डंजी आणि स्मिथ समोरासमोर उभे राहिले. त्या सामन्यापर्यंत पोहोचलेले हे पहिलेच दोन कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. डंजी ह्यांचा संघ २९–१७ असा जिंकला. दोघेही ख्रिस्ती. आपल्या वंशाचा अभिमान आहेच, परंतु प्रभूच्या मार्गाने चालूनही जिंकता येते हे दिसले, ह्याचा आनंद अधिक आहे, अशा आशयाचे उद्गार डंजी ह्यांनी काढले. दोन वर्षांनी टॉमलिन ह्यांनीही, रूनी ह्यांच्याच संघासाठी, ही स्पर्धा जिंकली.

४. नियमाची मर्यादा

नियम दार उघडू शकतो. मन उघडू शकत नाही. १ फेब्रुवारी २०२२ रोजी ब्रायन फ्लोरेस ह्या प्रशिक्षकाने न्यायालयात दावा दाखल केला. आधीच दुसऱ्याची निवड झालेली असताना आपली मुलाखत केवळ देखाव्यासाठी घेतली, असा आरोप त्यांनी एका संघावर केला. त्या संघाने तो नाकारला. त्या दिवशी ३२ संघांत टॉमलिन हे एकच कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक उरले होते. तत्पूर्वी २०२० मध्ये एक वेगळी तरतूद झाली होती. ज्या संघाने घडवलेला अल्पसंख्य समाजातील साहाय्यक दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक होईल, त्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत दोन वर्षे एकेक जादा संधी मिळते. साहाय्यक गमावणे ही घडवणाऱ्याची हानी न मानता त्याचे कार्य मानावे, हा तिचा अर्थ.

५. आपल्यासाठी

आपल्या देशातही हे घडते. ओ. एम. नंबियार ह्यांनी पी. टी. उषा ह्यांना घडवले. उषा ह्यांनी २००२ मध्ये केरळात धावपटूंसाठी शाळा काढली आणि तिच्यातून टिंटू लुका पुढे आली. गुरूने शिष्येला केवळ पदकापर्यंत नेले असते, तर ही परंपरा उषा ह्यांच्यापाशीच थांबली असती. पदक एकाच्या गळ्यात पडते. विद्या मात्र पुढच्याच्या हाती द्यावी लागते. म्हणून ज्याला आजवर कोणी शिकवणारा मानले नाही, त्याच्या हाती शिट्टी देणे, आणि ती देण्यापूर्वी त्याला वर्षानुवर्षे शेजारी उभे करून शिकवणे, ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतात.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या अथवा गावाच्या संघात मुली आणि वंचित समाजांतील मुले खेळतात. त्यांना शिकवणाऱ्यांत त्यांच्यापैकी कोणी आहे काय?
२. आपण एखाद्याला संधी देतो, तेव्हा ती खरी असते की देखाव्याची?
३. आपल्या जागी उद्या कोण उभे राहील, आणि त्याला आपण आज काय शिकवीत आहो?