निर्जंतुक विभागात रुजू होणाऱ्या चिरंजीवास



इंजेक्शने बनवणाऱ्या कारखान्यात पाऊल ठेवणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की जी औषधे सीलबंद झाल्यावर ऑटोक्लेव्हमधील 121 अंश सेल्सिअसची वाफ सोसतात, त्यांतील जंतू शेवटच्या टप्प्यावरही मारता येतात. प्रतिपिंडांसारखी प्रथिनयुक्त औषधे मात्र ती उष्णता सोसत नाहीत, म्हणून ती 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून आधीच निर्जंतुक केलेल्या व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) भरावी लागतात, आणि एकदा बूच बसले की चूक सुधारायला वाव उरत नाही. मोजक्या व्हायलींची चाचणी उरलेल्या बॅचची हमी देत नाही.

या कामात दूषणाचा मुख्य स्रोत माणूस हाच असतो, कारण नखशिखांत गाऊन चढवला तरी त्वचेचे कण व त्यांवरील जंतू सुटतच राहतात. म्हणून माणूस आणि उघडी व्हायल यांच्यामध्ये अडसर उभारतात. ‘रॅब्स’ या प्रकारात कठीण पारदर्शक भिंती असतात, त्यांना बसवलेल्या ग्लोव्हमधून हात घालून काम होते आणि भोवतालची खोली हवेच्या स्वच्छतेच्या ‘ग्रेड बी’ दर्जाची लागते. आयसोलेटर हा त्याहून बंदिस्त असून आत हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडून पृष्ठभाग जंतुमुक्त केले जातात, त्यामुळे भोवतालच्या खोलीचा दर्जा काहीसा खालचा चालतो. युरोपीय संघाच्या जीएमपी (उत्तम उत्पादन पद्धती) नियमावलीतील सुधारित ‘अॅनेक्स 1’, जे ऑगस्ट 2022मध्ये प्रसिद्ध होऊन 25 ऑगस्ट 2023 पासून लागू झाले, या साधनांचा आणि रोबोटिक्सचा विचार करण्यास सांगते.

तथापि अडसर म्हणजे अभयदान नव्हे. पेरॉक्साइडची वाफ पृष्ठभागावरच काम करते, आत मुरत नाही. ग्लोव्हची बोटे सुरकुतून एकमेकांना चिकटली तर त्या घडीत वाफ पोहोचत नाही, म्हणून वाफेची सायकल सुरू करण्यापूर्वी बोटे ताणून ठेवावी लागतात. त्याच ग्लोव्हला डोळ्यांना न दिसणारे छिद्र पडू शकते, म्हणून आयसोलेटरच्या ग्लोव्हची गळती-चाचणी किमान बॅचच्या किंवा सलग बॅचच्या मालिकेच्या आरंभी व अखेरीस करणे आवश्यक ठरते. हात आत असताना तो उघड्या व्हायलवरून कधीही नेऊ नये, कारण हवेतील सूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून थेट खाली येणारी पहिली हवा त्या व्हायललाच मिळाली पाहिजे.

रोबोटमुळे ग्लोव्हची गरज घटते: ट्रेमध्ये घट्ट बसवलेल्या व्हायली यंत्राचा हात सुईखाली नेतो, त्या एकमेकींवर आदळत नाहीत, आणि पडलेली व्हायल उचलण्यासाठी आत हात घालण्याचे प्रसंग कमी होतात. परंतु यंत्र सांगितलेली चूकही तितक्याच निष्ठेने पुन्हा पुन्हा करते. म्हणून त्याच्या प्रत्येक हालचालीने हवेचा झोत कसा बदलतो हे धुराच्या चाचणीने पाहावे, आणि औषधाऐवजी जंतूंना पोषक द्रव भरून घेतलेल्या ‘मीडिया फिल’मध्ये प्रत्यक्ष उत्पादनात होणारे सारे हस्तक्षेप समाविष्ट करावेत.

चिरंजीवाने एवढा नियम पाळावा, की आत घातलेला प्रत्येक हात, थांबलेले प्रत्येक यंत्र आणि संशय आलेली प्रत्येक व्हायल त्याच क्षणी लॉगबुकात नोंदवावी, आणि बॅच वाया जाईल या भीतीने एकही नोंद लपवू नये. वाया गेलेली बॅच पुन्हा बनवता येते, दूषित इंजेक्शन टोचलेल्या रुग्णाची हानी भरून येत नाही.