गवत कापायचं यंत्र : वायरचं की बॅटरीचं?

प्रश्न : घराभोवती दोन गुंठे आवार आहे. पावसाळ्यात गवत माजतं. कटर वायरवाला घ्यावा की बॅटरीवाला?
– एक वाचक, निमोणे (ता. शिरूर)

उत्तर : आधी बोर्डापासून आवाराचा लांबचा कोपरा दोरीने मोजा. शंभर फुटांच्या आत असेल तर वायरवाला स्वस्तही पडतो आणि दमही धरतो. वायर मात्र तांब्याची, तीनपदरी, किमान दीड चौरस मिलिमीटरची हवी. मांडवाच्या दिव्यांची पातळ वायर जोडली की ती तापते आणि मोटरही रडते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर गवतात वायर ओढूच नका.

बॅटरीचं गणित सोपं आहे. २० व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ८० वॉट-अवर. ३०० वॉटच्या मोटरला जेमतेम पंधरा मिनिटं. म्हणजे दुसरी बॅटरी आलीच. वीज गेली तरी काम अडत नाही, हे खरं. पण आपल्याकडे गवत चारच महिने. उरलेले आठ महिने ती पत्र्याच्या शेडमध्ये तापली तर लवकर मरते. निम्मी चार्ज करून घरातच ठेवावी लागते.

तुम्ही आरसीसीबी बसवून वायरवालाच घ्या, आणि दुपारी, गवत सुकल्यावरच चालवा. कुंपणाकडेचं मात्र विळ्यानेच काढा.